संमतीपत्रावर सही करण्याआधी

पावसाळा सुरू झाला की शाळांमध्ये क्रीडा स्पर्धांसाठी संघ निवडले जातात. निवड झालेल्या मुलांच्या हाती पालकांच्या संमतीपत्राचा कागद येतो आणि नववी-दहावीच्या घरांत त्यावरून वाद झडू लागतात. अशा घरांत ऐकू येणारी मतं एकत्र करून हा संवाद रचला आहे. यातली ताई सांगलीकडच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेली. तिचा धाकटा भाऊ पुण्यात बँकेत नोकरीला. त्याची मुलगी नववीत आहे आणि शाळेच्या १७ वर्षांखालील खो-खो संघात तिची निवड झाली आहे.

भाऊ : ताई, तुला आवडणार नाही, तरी सांगतो. मी सही करणार नाही. पुढच्या वर्षी दहावी आहे. पहाटे साडेपाचला मैदानावर, मग शाळा, मग क्लास. रात्री वहीवरच डोकं ठेवून झोपते पोरगी. एवढं करून खो-खोतून पुढे काय मिळणार?

ताई : तू दोन गोष्टी एकत्र केल्यास. एक तिची झोप, दुसरी पुढची मिळकत. झोपेची काळजी अगदी रास्त आहे, म्हणून आधी तीच घेऊ. क्लासहून ती घरी कधी येते?

भाऊ : नऊला. जेवण, गृहपाठ, झोपेपर्यंत साडेअकरा. पावणेपाचला उठते.

ताई : म्हणजे सव्वापाच तास. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. शालेय खेळाडूंवरचा एक अमेरिकी अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या मुलांमध्ये दुखापतीची शक्यता सुमारे १.७ पट आढळली. दमलेला पाय वाकडा पडतो, दमलेलं डोकं उशिरा निर्णय घेतं. आणि दमलेल्या डोक्यात बीजगणितही शिरत नाही.

भाऊ : मग माझंच म्हणणं खरं ठरलं. सराव बंद करावा.

ताई : सरावाचे दीड तास काढलेस तरी क्लासहून ती नऊलाच येणार. झोप दोन्हीकडून कापली गेली आहे, तेव्हा दोन्हीकडून परत मिळवावी लागेल. सरांना भेट. सराव रोज पहाटेच का, आठवड्यातले काही दिवस शाळा सुटल्यावर घेता येईल का, हे विचार. क्लासवाल्यांनाही विचार की स्पर्धेच्या आठवड्यात रविवारची चाचणी पुढे ढकलता येईल का. पालक सहसा यातल्या एकाशीच बोलतात आणि दुसऱ्याला गृहीत धरतात.

भाऊ : विचारीन. पण मिळकतीचा प्रश्न उरतोच. सवलतीच्या गुणांचं म्हणशील, तर तेवढ्यासाठी वर्ष घालवायचं का?

ताई : त्यासाठी तर मुळीच नाही. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पातळीप्रमाणे दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, हे खरं. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणही आहे. पण त्याचे नियम आहेत. कोणता खेळ, कोणती स्पर्धा, कितवा क्रमांक हे सगळं पाहिलं जातं आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. खोट्या प्रमाणपत्रांमुळे लागलेल्या नोकऱ्याही गेल्या आहेत. गुणांसाठी मैदानावर पाठवलेलं मूल गुण मिळाले की मैदान सोडतं, आणि नाही मिळाले तर वर्ष फुकट गेलं असं समजतं. माझ्या नोकरीत अशी मुलं मी पुष्कळ पाहिली. दहावीचा निकाल लागला की पुन्हा कधी ती मैदानाकडे फिरकली नाहीत.

भाऊ : मग कशासाठी खेळायचं?

ताई : पहिलं कारण तिचं शरीर. माणसाच्या हाडांची जी जास्तीत जास्त घनता होऊ शकते, तिचा बहुतेक भाग मुलींमध्ये अठराव्या वर्षापर्यंत तयार होतो. धावणं, उड्या मारणं, एकदम दिशा बदलणं यांनी हाडं घडतात. ही वर्षं गेली की ती संधी तशी पुन्हा मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. संघटनेच्याच तज्ज्ञांनी १४६ देशांची माहिती तपासली तेव्हा ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं तेवढी हालचाल करत नसल्याचं दिसलं. मुलींची स्थिती मुलांहून वाईट. तुझी मुलगी आज उरलेल्या १९ टक्क्यांत आहे आणि तू तिला तिथून काढायला निघालास.

भाऊ : शरीर पटलं. पण त्यासाठी स्पर्धाच कशाला? सकाळी सोसायटीत धावली तरी चालेल.

ताई : एकटी किती दिवस धावेल? खो-खोत मैदानावर एका वेळी नऊ जणी असतात. पाठलाग करणारीला योग्य क्षणी खो द्यावा लागतो. पळणारी समोर असली, पकडून वाहवा घ्यावीशी वाटत असली, तरी जिची जागा बरोबर आहे तिच्याकडे डाव सोपवायचा. ही सवय पुस्तकातून लागत नाही. हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मुलींबरोबर उभं राहायचं, राखीव खेळाडू म्हणून बसावं लागलं तर बाहेरून ओरडून साथ द्यायची. या वयात मुलांना आईबापांचं ऐकायचं नसतं, तेव्हा बरोबरीच्या चांगल्या संगतीचं मोल फार असतं.

भाऊ : बरं, खेळायचंच असेल तर मग नीट खेळू दे. अर्धवट काही नको. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची, पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकरही. मी चौकशी केली आहे. एका अकादमीत वर्षभर रोज तीन तास सराव घेतात. फी भरतो, बाकीचे खेळ बंद करतो. दोन वर्षांत राष्ट्रीय पातळीवर पोचली पाहिजे.

ताई : पाच मिनिटांपूर्वी तू खेळ बंद करणार होतास आणि आता खेळाशिवाय सगळंच बंद करतो आहेस. दोन्ही वेळा मोबदला मनात धरूनच बोललास. चौदा वर्षांची मुलगी म्हणजे मुदत ठेव नव्हे.

भाऊ : पण लवकर सुरुवात केल्याशिवाय कुणी मोठं होतं का?

ताई : अविनाश साबळेचं उदाहरण घे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. शाळेला सहा किलोमीटर चालत किंवा पळत जायचा. बारावीनंतर लष्करात गेला, तिथे क्रॉस कंट्री धावू लागला आणि स्टीपलचेसकडे वळला तो २०१७ च्या सुमारास, विशी ओलांडल्यावर. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं त्याच शर्यतीत रौप्य मिळवलं. शाळेच्या वयात त्याचे पाय तयार झाले होते. शर्यत कोणती, हे नंतर ठरलं.

भाऊ : आणि स्वप्नील कुसाळे? कांबळवाडीसारख्या खेड्यातला मुलगा शाळकरी वयातच नाशिकच्या क्रीडाप्रबोधिनीत गेला, म्हणून २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक आलं. वडिलांनी त्याच्या नेमबाजीसाठी कर्ज काढलं होतं.

ताई : तोही रस्ता खरा आहे. पण क्रीडाप्रबोधिनी ही शासनाची निवासी व्यवस्था आहे. तिथं चाचण्या घेऊन मुलं निवडतात. राहणं, आहार, प्रशिक्षक, शाळा यांची सांगड घातलेली असते. तू म्हणतोस ती अकादमी शाळा आणि क्लास यांच्यावर आणखी तीन तास लादणार. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये पालकांसाठी सल्ला दिला. बहुतेक खेळांत पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत एकाच खेळाला जुंपू नये. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्यावी. वर्षातून एकूण तीन महिने, हवं तर महिना-महिन्याचे तुकडे करून, मुख्य खेळापासून लांब ठेवावं. दुखापतींचा अभ्यास करणाऱ्यांचा आणखी एक साधा निकष आहे. मुलाचं वय जितकं, त्याहून जास्त तास आठवड्याला सराव नको. चौदाव्या वर्षी चौदा तास. तुझी अकादमी रोज तीन तास म्हणजे सहा दिवसांतच अठरा तास, आणि शाळेचा सराव वेगळा.

भाऊ : तीन महिने सुट्टी दिली तर मागे पडेल ती.

ताई : सुट्टी म्हणजे अंथरुणावर पडणं नव्हे. स्पर्धा संपल्या की तिला पोहू दे, सायकल चालवू दे, मैत्रिणींबरोबर बॅडमिंटन खेळू दे. वेगळे स्नायू वापरले जातात, सततच्या ताणानं झिजलेली जागा भरून येते आणि परत येताना तिला खेळाची ओढ लागलेली असते.

भाऊ : तू मैदानाची बाजू घेतेस, साहजिक आहे. आता माझी खरी भीती ऐक. मागच्या महिन्यात तिच्या संघातल्या एका मुलीचा गुडघा फिरला. सरांनी स्प्रे मारला, क्रेप बँडेज बांधलं आणि पुन्हा उतरवलं. मुलगी काही बोलली नाही, कारण बोलली तर जागा जाते. हे तुमच्या मैदानावर चालतं ना?

ताई : चालतं, आणि ते चूक आहे. इथे पालकानं गप्प बसू नये. लंगडत चालणं, सूज, रात्री झोपमोड करणारं दुखणं, गुडघा अडकणं किंवा एकदम निसटल्यासारखा वाटणं, यातलं काहीही दिसलं तर खेळ थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे. वेदनाशामक गोळी देऊन सामन्यात उतरवणं म्हणजे शरीराची हाक दाबणं. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांना असलेल्या वाढपट्ट्या पुरत्या जुळलेल्या नसतात आणि त्या हाडापेक्षा नाजूक असतात. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर उंचवटा येऊन दुखतं, ते याच वयात. बहुतेकदा सराव कमी केला की ते आटोक्यात येतं, पण दामटून खेळवलं तर लांबतं.

भाऊ : आणि मुलींचे गुडघे जास्त दुखावतात, असं वाचलं मी.

ताई : धावता धावता एकदम थांबणं, वळणं, उडी मारून उतरणं असतं, त्या खेळांत गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतो. खो-खोत आणि कबड्डीत हेच सगळं आहे. पण त्याला उपायही आहे. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना सरावाआधी वीस मिनिटं ठरावीक व्यायाम दिले गेले. त्यात एका पायावर तोल सांभाळणं, गुडघा आत न वळू देता उडी मारून उतरणं, मांड्यांची ताकद वाढवणं हे होतं. त्या गटात एकूण दुखापती जवळपास एक तृतीयांशानं कमी झाल्या. खर्च शून्य. सरांना विचार, सरावाची पहिली वीस मिनिटं काय करून घेता? मैदानाला दोन फेऱ्या मारून थेट खेळ सुरू होत असेल तर आग्रह धर.

भाऊ : डोक्याला मार लागला तर?

ताई : त्या दिवशी पुन्हा मैदान नाही, मग अंतिम सामना असो. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं, प्रकाश सहन न होणं ही लक्षणं लगेच नाही तर काही तासांनीही दिसू शकतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, तीही पायरीपायरीनं, परतायचं. तसंच उन्हाचं. सुट्टीतली शिबिरं आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भरतात. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण सराव नको. आणि ऊन लागून मूल गोंधळलं किंवा कोसळलं, तर गाडीची वाट पाहत बसायचं नाही. सावलीत घेऊन, पाणी ओतून, वारा घालून अंग गार करायला तिथल्या तिथे सुरुवात करायची.

भाऊ : तिची आई म्हणते, हल्ली तिची पाळी चुकते. सर म्हणाले, खेळाडू मुलींचं असंच असतं.

ताई : हे ऐकून घेऊ नका. खेळामुळे पाळी बंद पडणं नेहमीचं म्हणून सोडून द्यायचं नसतं. जितकी शक्ती खर्च होते तितकं अन्न पोटात जात नाही, याची ती खूण असू शकते. त्यात हाडं ठिसूळ होतात, दुखापती वाढतात. तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षं होऊनही सुरूच झाली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. सोबत रक्ताची तपासणी करा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. धावताना लवकर दम लागणाऱ्या मुलीला आपण आळशी म्हणतो, आणि कितीदा तरी तिचं हिमोग्लोबिन कमी असतं. पहाटे उपाशीपोटी पाठवू नका. केळं, शेंगदाण्याचा लाडू, दूध, काहीतरी पोटात हवं. सराव संपल्यावर तासाभरात भाकरी-भाजी, अंडं किंवा उसळ.

भाऊ : अकादमीवाले पावडरचा डबा सांगत होते.

ताई : घरच्या जेवणात प्रथिनं नीट असतील तर या वयात डब्याची गरज नसते. शिवाय अशा डब्यांत लेबलवर न लिहिलेले प्रतिबंधित पदार्थ सापडले आहेत. उत्तेजक चाचणीत खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवर असते, वय कमी म्हणून सुटका होत नाही. २०२२ पासून आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र कायदाही आहे. वयाचंही तेच. जन्मतारीख बदलून मुलाला खालच्या गटात खेळवणारे पालक मी पाहिले. हाडांच्या तपासणीत ते उघडं पडतं. तोवर मात्र कुणाचं तरी खरोखरचं तेरा वर्षांचं मूल सोळा वर्षांच्या अंगाखाली चिरडलेलं असतं.

भाऊ : हे सगळं ऐकल्यावर माझी भीती वाढलीच. तुझ्या पिढीचं म्हणणं होतं, मूल सरांच्या हवाली करा आणि निर्धास्त राहा. मला ते जमणार नाही. विभागीय स्पर्धेला मुलींना बाहेरगावी नेतात. सोबत शिक्षिका असते का? मुक्काम कुठे? मैदानाजवळ मुलींसाठी स्वच्छतागृह तरी असतं का? फोनवर रात्री अकराला संदेश पाठवणारा प्रशिक्षक योग्य की अयोग्य, हे चौदा वर्षांच्या पोरीनं ओळखायचं?

ताई : तुझं म्हणणं मान्य. हवाली करा आणि निर्धास्त राहा, हा सल्ला आज मीही देणार नाही. चांगल्या शिक्षकाला प्रश्न विचारलेले खटकत नाहीत. प्रवासात शिक्षिका हवीच. प्रशिक्षकाचे संदेश सगळ्या पालकांच्या गटावर यावेत, एकट्या मुलीला नव्हे. बंद खोलीत एकटीनं तालीम नाही. मारणं आणि अपमान करणं हे प्रशिक्षण नाही. शाळेत शारीरिक शिक्षेला कायद्यानं बंदी आहे. लैंगिक गैरवर्तनाची कुणकुण लागली तर पॉक्सो कायद्याखाली ती कळवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून ती दाबून ठेवायची नसते. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलीलाही पाठ असू दे. मात्र सगळ्यात मोठं संरक्षण घरात असतं. मैदानावर काही झालं तर घरी सांगता येईल, आणि सांगितलं म्हणून खेळ बंद होणार नाही, याची तिला खात्री हवी. खेळ बंद करण्याची धमकी देणाऱ्या घरातली मुलं काहीच सांगत नाहीत.

भाऊ : म्हणजे माझ्या धाकामुळेच ती गप्प राहील?

ताई : राहू शकते. दुखापतही लपवेल, त्रासही लपवेल. आणि हरल्यावरचं तोंडही. सामना संपल्यावर तू तिला घरी आणताना गाडीवर काय बोलतोस?

भाऊ : कुठे चुकली ते सांगतो. सूर मारायला हवा होता, खांबाजवळ उशीर झाला, असं.

ताई : ते सर सांगतात. त्या वेळी ती दमलेली असते, भुकेली असते, स्वतःवर चिडलेली असते. तिला आधी खायला दे. तिला बोलावंसं वाटलं तर ऐक. जिंकलेल्या दिवशी जेवढं प्रेम, तेवढंच हरलेल्या दिवशी दिसलं पाहिजे. प्रेक्षकांत उभं राहून पंचांशी भांडू नकोस, दुसऱ्याच्या मुलीच्या चुकीवर बोलू नकोस. मैदानावर ओरडणाऱ्या बापामुळे मान खाली घालणारी मुलं मी पाहिली आहेत.

भाऊ : मान्य. पण माझी एक अट सोडणार नाही. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर खेळ बंद.

ताई : अट घाल, पण तिच्याशी बोलून घाल. वेळापत्रक तिलाच मांडू दे. स्पर्धा कधी, सराव किती, अभ्यास कधी, झोप किती. दहावीच्या वर्षी परीक्षेच्या आधीचे तीन महिने स्पर्धा नसलेले ठेवले तर मीही हरकत घेणार नाही. पण त्या तीन महिन्यांतही रोजची धावपळ आणि व्यायाम सुरूच राहिला पाहिजे. शरीर बसवून ठेवलं म्हणजे बुद्धी जास्त चालते, हा समज सोड.

भाऊ : यावर आपलं एकमत होणार नाही. मला तीन महिने पूर्ण शांतता हवी.

ताई : मग तिलाच विचार. तिचं उत्तर तुझ्यासारखं आलं तर मी ते मानीन.

भाऊ : आणि उद्या ती म्हणाली, मला खो-खो नकोच, तर?

ताई : तर आधी कारण विचार. दुखतंय म्हणून, सर घालूनपाडून बोलतात म्हणून, की मन उडालं म्हणून? पहिल्या दोन कारणांवर उपाय तुझ्या हातात आहेत. तिसरं असेल तर सोडू दे. संघाला दिलेला शब्द म्हणून एवढा हंगाम पूर्ण करायला सांग, पुढचा तिचा तिनं ठरवावा. थांबायची मोकळीक असलेली मुलंच पुष्कळदा दीर्घकाळ खेळतात, हे मी वर्गामागून वर्ग पाहत आले.

भाऊ : ठीक आहे. मी सही करतो, पण त्याआधी सरांना भेटतो. सरावाच्या वेळा, पहिली वीस मिनिटं, प्रवासातली शिक्षिका, दुखापत झाली तर कुणाला फोन, हे चार प्रश्न विचारतो. तिची रक्ततपासणी याच आठवड्यात करून घेतो. अकादमीचं तूर्तास राहू दे.

ताई : आणि दहावीचं?

भाऊ : ते तिला विचारीन. मला तीन महिने हवेत, हेही सांगीन तिला. लपवणार नाही.

ताई : लपवू नकोसच. तुझी काळजी तिला कळली पाहिजे, ओझं म्हणून नव्हे तर मत म्हणून. शाळेतला खेळ फार थोड्यांना पदकापर्यंत नेतो. बाकीच्या सगळ्या मुलांना त्यातून एवढंच मिळावं, की तिशीत, चाळिशीतही त्यांना स्वतःच्या पायांवर धावावंसं वाटेल आणि आपल्या शरीराची त्यांना लाज किंवा भीती वाटणार नाही. ते मिळणं न मिळणं बरंचसं आईबापांच्या वागण्यावर आहे. म्हणून सही केल्यावर पालकाचं काम संपत नाही. तिथून पुढे दर आठवड्याला मैदानाकडे एक चक्कर मारायची आणि मुलीकडे नीट पाहायचं.